आत्या उठत नाय

आधीच सांगून ठेवतो, गावात कुणाच्या अंगात आलं की चपला शोधून घरी निघणाऱ्यांपैकी मी आहे. नारळ उतरवून टाकणं, लिंबू-मिरची, गाडीला काळी बाहुली... बायको म्हणते म्हणून एक बाहुली पुढे लटकते, तीही मागच्या पावसाळ्यात भिजून तिचं तोंड गेलंय. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचताना हसतोही. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा. मी रागावणार नाही, कारण मी ज्याच्यावर रागावलोय तो तुमच्यात नाही.

मी पेणला राहतो. एक सात सीटची पांढरी गाडी आहे, ती डोलवीच्या प्लँटमधल्या लोकांना ने-आण करायला लावलेली आहे. एका शिफ्टला मी, दुसरीला माझा धाकटा भाऊ बाल्या. सुट्टीच्या दिवशी लग्नं, साखरपुडे, अलिबाग, दिवेआगर, मिळेल ते भाडं. मागच्या काचेवर माझा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, तो पुढे कामाला आला.

आमची आई बाल्या अंगावर पीत होता तेव्हाच गेली. वडिलांची बहीण, आमची आत्या, विधवा होऊन माहेरी आलेली होती, तिनेच आम्हाला वाढवलं. मला ती दादा म्हणायची, सगळे म्हणतात तसं. बाल्याला मात्र ‘माझा बाल्या’. ‘माझा’ लावल्याशिवाय त्याचं नाव तिच्या तोंडातून यायचंच नाही. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं... मोठ्या मुलाला असं काही वाटून घ्यायला वेळ कुठे असतो.

शेवटी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पनवेलला डायलिसिस. याच गाडीने मी तिला न्यायचो. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, तिला गाडी लागायची म्हणून काच खाली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. परत येताना इतकी गळून जायची की तिला उचलून घरात न्यावं लागे. बाल्या एकदाही हॉस्पिटलच्या आत आला नाही. त्याला ते बघवत नाही म्हणे. आत्या त्यावर म्हणायची, “माझा बाल्या हळवा हाय रे.” म्हणजे मी काय दगडाचा होतो? असो. ती गेली त्याला आता दोनेक वर्षं होतील.

त्यानंतर आमच्या भागात गाड्या चोरीला जायला लागल्या. आमच्या आळीच्या तोंडाशी लावलेली एकाची गाडी सकाळी जागेवर नव्हती. मी घाबरलो. माझं घर त्या गाडीवर चालतं. स्टँडजवळ एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याने सांगितलं, “बॅटरीला कट-ऑफ घाल. चावी असून पण गाडी सुरू होणार नाय.” बॅटरीच्या वायरच्या मध्ये एक खटका बसवायचा, तो फिरवला की सगळा करंट बंद. स्टार्टर नाही, लाइट नाही, हॉर्नसुद्धा नाही. फक्त तो खटका कुठे लपवलाय ते कुणाला कळता कामा नये.

जागा बाल्याने सुचवली. “दादा, डायवर सीटच्या खाली घाल, मागच्या बाजूला. हात घालून पण सापडायचा नाय, बोट वाकवायला लागतं.” तसाच बसवला. इलेक्ट्रिशियन सोडला तर जागा माहीत मला आणि बाल्याला, बस्स. माझ्या बायकोला पण नाही.

आणि त्याला नावही बाल्यानेच दिलं. दुपारी आत्या झोपली की आमच्या घरात भांडं वाजायचं नाही. घराच्या चाव्या तिच्या कमरेला, तिला उठवायची कुणाची छाती नाही, त्यामुळे ती उठेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. बाल्या खटका फिरवून बघत म्हणाला, “ही आपली आत्या. ही झोपली की सगळं बंद.” मी हसलो. मग तेच पडलं. गाडी बंद करून गेलो की एकमेकांना विचारायचं, “आत्या झोपली काय?” सकाळी, “आत्याला उठव.” चारचौघांत बोलायला सोय झाली, कुणाला पत्ता लागायचा नाही. प्लँटमधले एक साहेब रोज आमचं फोनवरचं ऐकून मला एकदा म्हणाले, तुमच्या आत्यांना फारच झोप येते, थायरॉइड तपासून घ्या. आम्ही दोघं त्यावर पुढे किती दिवस हसत होतो!

बायकोला नुसता शब्द कळला होता. तिला आवडलं नव्हतं. “गेलेल्या माणसाचं नाव बटणाला ठेवतात काय?” म्हणाली. मी म्हटलं, आत्या असती तर तीच पहिली हसली असती.

आता त्या दिवसाचं सांगतो.

रोह्याजवळच्या अष्टमी गावात बायकोच्या नात्यात साखरपुडा होता. भर दुपार, कडक ऊन. हॉलसमोर जागा नव्हती म्हणून पुलाच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी लावली. सगळे उतरले, मी वाकलो, खटका फिरवला. बाल्या बाहेर उभा राहून माझ्यासाठी थांबला होता. त्याने विचारलं, “झोपली?” मी म्हटलं, “झोपली.” चावी माझ्या खिशात. हे सगळं मला लख्ख आठवतंय.

पंगतीत बाल्या माझ्या शेजारीच होता. जिलेबी वाढायला आली तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि भरलं ताट सोडून बाहेर गेला. परत आला तो घामाघूम. मी विचारलं तर म्हणाला, “रेंज नाय हितं, पार रस्त्यावर जायला लागलं.” जिलेबी तशीच टाकलीन. बाल्या जिलेबी टाकतो म्हणजे पोट बिघडलं असेल, असं वाटून मी त्याला सोडा आणायला सांगणार होतो.

जेवून बाहेर आलो तर झाडाखाली गाडी नाही.

तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी वेड्यासारखा त्या झाडाभोवती फिरलो, जशी काही गाडी खोडामागे लपलीय. बाल्या नुसता उभा. मी त्याला म्हणत होतो, अरे पण आत्या झोपलेली होती ना, मी स्वतः झोपवली, तू विचारलंस! त्याने मान हलवली. मला वाटलं, त्याला पण धक्का बसलाय.

पोलिसांत सांगितलं. तक्रार लिहून घेणं चालू होतं आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस नमस्कार-चमत्कार न करता भडकलेलाच —

“पेणच्या पांढऱ्या गाडीवाले काय तुम्ही? अहो, म्हाताऱ्या बाईला अशा उन्हाचं एकटी बसवून कुठं फिरताय? शरम हाय की नाय?”

“कोण म्हातारी?”

“आता ती पण मीच सांगू? गाडी माझ्या हॉटेलसमोर उभी हाय, कोलाडला, हायवेला. लवकर या.”

पोलिसांनी सांगितलं, जाऊन खात्री करा, आमचा माणूस मागून येतोच. मी बाल्याला ओढून रिक्षात घातलं. बायको साखरपुड्यातच थांबली. वाटेत मी त्याला फोनवरचं सांगितलं, की गाडीत म्हणे म्हातारी बसलेय. तो माझ्याकडे बघायला लागला. “कसली म्हातारी?” “मला काय माहीत. असेल कोण तरी सावलीला बसलेली.” 

गाडी होती. हॉटेलच्या पत्र्याच्या सावलीत, एक ओरखडा नाही. मी पहिला बॉनेटवर हात ठेवला, खरं सांगतो, रडू येत होतं. हॉटेलवाले चाचा खुर्चीतून उठून आले. दाढी पांढरी, बरीच वर्षं आखातात काढून आलेले, आणि अजून रागातच.

“म्हातारी कुठाय?” मी विचारलं.

“आत काय, आत्ता तर...” असं म्हणत त्यांनी मागचा दरवाजा सरकवला आणि तिथेच थांबले. आत कुणी नव्हतं. चाचा गाडीच्या पलीकडे गेले, रस्त्यावर दोन्हीकडे बघून आले. “अल्ला! तुम्हाला फोन केल्यापासून मी या खुर्चीवरून उठलो नाय. दरवाजा माझ्याच बाजूला. तिला चालायची पण ताकद दिसत नव्हती. गेली कशी?”

मी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं ते असं. गाडी रोह्याच्या बाजूने आली आणि बरोबर हॉटेलसमोर आपोआप बंद पडली. एक तरुण पोरगा चालवत होता. गाडी रस्त्यात आडवी राहील म्हणून चाचा आणि त्यांचा आचारी ढकलायला धावले. 

“ढकलताना मागच्या काचेतून म्हातारी दिसली. मी त्या पोराला बोललो, आजीला उतरव आधी, कशाला बसवून ढकलतोस? तो बोलला, कुणाला? मी बोट दाखवलं. त्याने मागं वळून बघितलं, आणि असा पांढरा पडला...! मग सीटखाली हात घालून काय तरी खटाखट करायला लागला. मग फोन लावलान कुणाला तरी. ओरडत होता, मी कानांनी ऐकलं. आत्या उठत नाय, आत्या उठत नाय! अरे, तू बोललास आत्या सीटखाली हाय, ही तर सीटवर बसलेय!”

चाचांना अर्थातच त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी भाच्याची आत्या गाडीत बसलेय आणि उतरायला तयार नाय, एवढंच. पोरगा फोन खिशात टाकून, चावी तशीच लावून, महाडकडे जाणाऱ्या एका टेम्पोत चढला आणि गेला.

मी ते वाक्य मनात परत म्हणून बघितलं. आत्या सीटखाली हाय. जगात हे वाक्य दोनच माणसं बोलू शकत होती. त्यातला एक मी.

बाल्या रिक्षातून उतरलाच नव्हता. तिथूनच ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने खाली बघितलं. जिलेबीच्या वेळचा फोन कुणाचा होता, ते मला तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. ज्याला मी अंघोळ घातली, शाळेत हात धरून नेलं, गाडी शिकवली, त्याने जागा सांगितली होती. जागा सांगितली ती सांगितली, आमचा शब्दसुद्धा देऊन टाकला होता. मला गाडीपेक्षा त्या शब्दाचं जास्त लागलं. तो शब्द घरचा होता.

पण चाचांचं बोलणं संपलं नव्हतं. पोरगा पळाल्यावर ते म्हातारीपाशी गेले होते. चहा विचारला, तर ती म्हणाली, नको, मला गाडी लागते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या?

“तर बोलली, बाल्याची आत्या मी. माझा बाल्या तसा नाय हो.” चाचांनी हात उडवले. “आता मी कुठं कोणा बाल्याला काय बोललो होतो? मी नुसता चहा विचारला! तर परत तेच. माझा बाल्या तसा नाय, तो येईल न्यायला.”

मी विचारलं, “आणखी कुणाचं नाव घेतलं? दादा असं काही?”

“नाय. दुसरं कुणाचं नाय.”

मोबाईलमध्ये आत्याचा फोटो होता, डायलिसिसच्या दिवसांतला. दाखवला. चाचांनी लांब धरून, जवळ धरून बघितला. “हीच वाटते. पण हिच्यापेक्षा तब्येतीने चांगली होती.”

तुम्हाला वाटत असेल, मी गाडीत शिरलो आणि मला तिच्या मिश्रीचा वास आला, सीट गरम लागली, केसाचा काटा सापडला. नाही. मी सगळं शोधलं, पायपुसणीसुद्धा उचलून बघितली. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त सीटखाली हात घातला तेव्हा खटका बंद होता. म्हणजे झोपलेला. आता तुम्हीच सांगा, तो खटका बंद असताना गाडी अष्टमीहून कोलाडला आली कशी? आणि वाटेत बंद झाला म्हणावं तर ड्रायव्हर सीटवर बसून चालत्या गाडीत तिथपर्यंत हात पोचतच नाही. मी खटका फिरवला, चावी मारली, पहिल्या झटक्यात गाडी सुरू.

पोलिसांचा माणूस आला. विचारलं, कुणावर संशय? बाल्या तेव्हा रिक्षाच्या दांडीला धरून उभा होता. मी म्हटलं, कुणावर नाही, मिळाली ना गाडी, मला पुढे काही करायचं नाही. चाचा माझ्याकडे बघत राहिले. फोनचं त्यांनीही काढलं नाही. त्यांना सगळं कळलं असावं.

परतताना बाल्या पुढे बसला, मागे बसायला तयार नव्हता. थोडं पुढे गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली.

“कोण तो पोरगा?”

“हाय ओळखीचा.” मग काचेबाहेर बघत म्हणाला, “डुप्लिकेट चावी मीच दिली त्याला, दादा.”

“का पण?”

“सगळीकडे मी दादाच्या गाडीवरचा डायवर. लग्नाला स्थळ आलं तरी तेच. गाडी गेली असती तर सुटलो असतो.”

“तोंडाने बोलायला काय झालं होतं? सोड म्हटलं असतंस तर सोडलं असतं!”

“नाय सोडलं असतंस तू,” तो म्हणाला. आणि मग त्याने जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माफी नाही, काही नाही. डोळे पुसत विचारतो, “दादा, खरंच असं बोलली काय ती? माझा बाल्या तसा नाय?”

आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. मला त्याच्या दोन मुस्काटात ठेवून द्यायच्या होत्या. हात शिवशिवत होता. पण मारणार कुणाला? ज्याची बाजू आत्याने आधीच घेऊन टाकली होती, त्याला? मी गाडी सुरू केली.

बाल्या आता वेगळा राहतो, डोलवीला एका कॉन्ट्रॅक्टरकडे कामाला लागलाय. चांगलं चाललंय म्हणतात. माणूस सुधारला, असंही म्हणतात. बायकोला मी खरं सांगितलं, तिने कुणाला सांगितलेलं नाही. इलेक्ट्रिशियनने खटका उघडून दाखवला, त्यात कसलाच बिघाड नव्हता. तो म्हणतो, चोराने घाबरून खटाखट करताना शेवटी बंदच केला असेल. मग गाडी मुळात थांबली का? माझा एक मित्र म्हणतो, ती एसटीची वाट बघणारी कुणीतरी म्हातारी असणार, अष्टमीलाच सावलीला गाडीत जाऊन बसली असेल, पोराने बघितलं नसेल, आणि बाल्या तर कोकणात घरटी एक असतो. असेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मग ती कोलाडहून गेली कुठे, ते त्याला सांगता येत नाही आणि मलाही.

पण खरं सांगू? मला रात्रंदिवस खातंय ते हे कोडं नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहेस, मेलेली आत्या तुझी गाडी वाचवायला आली. ती माझ्या गाडीसाठी आली नव्हती हो. आपला बाल्या चोर ठरू नये म्हणून आली होती. गाडी गेली असती आणि तो पकडला गेला असता, म्हणून तिने गाडी थांबवली आणि अनोळखी माणसासमोर त्याची वकिली करत बसली. पनवेलच्या त्या सगळ्या फेऱ्यांत तिला उचलून आणणारा मी. मीच लुटला जात होतो त्या दुपारी. आणि ती माझ्याच गाडीत, माझ्याच सीटमागे बसून, माझं नावसुद्धा न घेता गेली.

भावाने फसवलं त्याचं मला कारण तरी मिळालं. तिचं नाही मिळालं. मी अजून गाडीत एकटा असलो की आरशात मागच्या सीटकडे बघतो, भीती म्हणून नाही, वाट बघतो म्हणून. ती आली तर मला एकच विचारायचंय. दादा कसा होता गो, ते कुणाला सांगितलंस का कधी?